धाकट्याचं वकीलपत्र

३ जुलै

ताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर "आलं लक्षात" म्हणून बाजूला ठेवू नकोस. कागदावर तुला माझ्या मध्ये बोलता येत नाही, आणि या गोष्टीचा मी आज पुरेपूर फायदा उठवणार आहे.

आधी आईसाठी. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, खोली कोरडी आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माडी आहे, तिथे राहतो. दिवसभर खालून ठोकाठोक चालते, संध्याकाळी दुकानदार शटर ओढतो की कान एकदम मोकळे होतात. घरमालक कधीतरी जिन्यात भेटतात, मान हलवतात आणि जातात. कुठे जातो, कधी येतो, कोणी विचारत नाही.

आईच्या पाकिटातच तुझं पत्र आलं. आईच्या चार ओळी, तुझी सात पानं. सात पानांचा सारांश असा की मी न सांगता पळालो, आणि तेही कशासाठी, तर वर्गात उभं राहून शिकवण्यासाठी. "तू? तासभर बोलणार?" हे वाक्य तू लिहून खोडलंयस. ताई, एवढी नामांकित वकील तू, खोडायचं तर नीट खोडावं. उजेडासमोर धरल्यावर अक्षर न् अक्षर दिसतं.

तर हो, मी बोलतो. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. सध्या तासाच्या हिशेबावर आहे, पावसाळा सरता सरता कायमची जागा भरणार आहेत, त्यासाठी समितीसमोर एक नमुना तास घ्यावा लागेल. अडखळतो का? अडखळतो. तसाच, पूर्वीसारखा. मुलं पहिल्या आठवड्यात हसली, दुसऱ्या आठवड्यात कंटाळली, आता वह्या काढून बसतात. मी अडकलो की त्यांना मागचं लिहून घ्यायला वेळ मिळतो म्हणे.

तुला आधी का सांगितलं नाही? कारण तू माझ्याबरोबर यायला निघाली असतीस, आणि खिडकीवर माझं तिकीटही तूच मागितलं असतंस.

पण खरं कारण तुला माहीत आहे. पत्राच्या शेवटी विचारलंयस ना, "त्या दिवशी माझं चुकलं तरी काय?"

बाबांची शोकसभा. वकील मंडळींनी हॉल भरला होता. मी उभा राहिलो, हातात कागद. पहिलाच शब्द "बाबा". ओठ मिटले ते उघडेनात. खुर्च्या करकरल्या, कोणीतरी खोकलं. तू उठलीस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास, कागद घेतलास आणि वाचलास. इतकं सुंदर वाचलंस की मीच लिहिलेलं ऐकून मला रडू आलं. तिथवर तक्रार नाही.

पण कागद संपल्यावर तू थांबली नाहीस. म्हणालीस, "माझ्या भावाला आणखी एक सांगायचं आहे. बाबांचं ऑफिस आम्ही दोघं चालवणार. कोर्टात मी उभी राहीन, आतली बाजू तो सांभाळेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्या वकिलांनी माझा हात हातात घेऊन "शाब्बास" म्हटलं.

ताई, मला ते सांगायचं नव्हतं. कागदावर जे नव्हतं आणि मला तोंडानं सांगायचं होतं ते हे: आजारपणात बाबांना मी विचारलं होतं, "मी शिकवू का?" आणि ते म्हणाले होते, "तुला मी कधी अडवलंय का?"

त्यावर मी काय उत्तर दिलं असतं, ते पुढच्या पत्रात लिहीन. हात दुखला.

तुझा
धाकटा

१९ जुलै

ताई,

तुझं उत्तर वाचून खूप वेळ हसलो. "तुझ्यावर या घरात कोणी कधी बळजबरी केली असेल तर प्रसंग, तारीख आणि साक्षीदार कळवावेत." आई म्हणते ते खोटं नाही, तू झोपेतही उलटतपासणी घेतेस.

एकही प्रसंग नाही. साक्षीदारही नाहीत. बाबांनी घरात सगळ्यांना ताकीद दिली होती, याला कोणी टोकायचं नाही, याची नक्कल करायची नाही, हा बोलला नाही तर नाही. जेवताना मी काही सांगायला लागलो की बाबा ताटात बघायचे, म्हणजे मला संकोच नको. पाहुणे आले की मला आत जायची मुभा होती. शाळेत तोंडी परीक्षा माफ. कोणी म्हणजे कोणी माझ्या वाटेत आलं नाही.

आता एक सांगतो, कोणाला बोलू नकोस. मला कॉफी आवडत नाही.

बसलीस ना खुर्चीत? "धाकट्याला कॉफीच लागते" म्हणून तू सगळ्या नातेवाईकांना सांगत आलीस, वाढदिवसाला कॉफीचे डबे दिलेस. ताई, मला चहा आवडतो. पण "चहा" म्हणताना जीभ टाळूला चिकटते आणि "कॉफी" सहज निघते. म्हणून मी कॉफी मागतो. तेरा-चौदा वर्षांचा असल्यापासून पितोय. मला चहा मागायला कोणी बंदी घातली होती का? छे. चहा समोर उकळत असायचा.

इथे आल्यावर वाटलं होतं, आता सुटलो, आता माझं वाक्य तोडायला कोणी नाही. आणि खरंच नाही. पण कॉलेजच्या कँटीनमध्ये महिनाभर मी कॉफीच प्यायलो. मला अडवणारं कोणी उरलं नव्हतं, तरी चहापर्यंत काही पोचत नव्हतो.

नेमका याच आठवड्यात वर्गात हाच धडा आला. स्वातंत्र्य दोन तऱ्हेचं मानतात. एकाला नकारात्मक म्हणतात. नावावर जाऊ नकोस, चीज चांगली आहे. त्यात प्रश्न एवढाच की माझ्या वाटेत दुसरं कोणी आडवं येतं का? कोणी येत नसेल तर मी तेवढा मोकळा. दुसरं सकारात्मक. त्यात प्रश्न वेगळा असतो, की माझ्या आयुष्याची सूत्रं कोणाच्या हातात आहेत? मला जे करायचंय ते करण्याची ताकद, साधनं, शिक्षण माझ्याजवळ आहे का? मी मुलांना कॉफीचंच उदाहरण दिलं. एका मित्राचं म्हणून सांगितलं.

मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा लगेच म्हणाला, "सर, मग दुसरंच खरं. पहिलं म्हणजे नुसतं वाऱ्यावर सोडणं झालं."

मी म्हटलं, "थांब. दुसऱ्यात एक धोका आहे. समजा कोणी म्हणालं, तुला खरं काय हवंय ते तुला कळत नाही, मला कळतं. तुझ्या आतला जो खरा तू आहेस ना, त्याच्या वतीनं मी बोलतो. आणि मग तो तुझ्या नावानं निर्णय घ्यायला लागला, तुझ्या स्वातंत्र्यासाठीच. मोठमोठ्या राजवटींनी हेच केलंय." आणि मी त्यांना शोकसभा सांगितली. हीसुद्धा मित्राचीच.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बहिणीनं विचारायला हवं होतं." त्यावर तो उंच मुलगा तिच्यावर उखडला. "कोणाला विचारणार? त्याला बोलता येत नव्हतं. सगळे बघत होते. माझा भाऊ असता तर मीही उठलो असतो."

ताई, तो मुलगा तुझ्या बाजूनं चांगला भांडला. तुला त्याला ज्युनिअर म्हणून घ्यावंसं वाटलं असतं.

बाबांना मी काय म्हणालो असतो, ते आता लिहितो. "नाही बाबा, तुम्ही कधीच अडवलं नाहीत. पण कधीतरी ताटातून मान वर करून, माझं वाक्य संपेपर्यंत माझ्याकडे बघायला हवं होतं." बस, एवढंच. त्यांच्यावर राग नाही. ते मला सांभाळत होते.

आणि कालची बातमी. मी चहा मागितला. कँटीनवाला भांडं हातात धरून उभा राहिला, माझ्या मागे रांग लागली, पण शब्द आला. चहा अगदीच पांचट होता.

तुझा
धाकटा

२ ऑगस्ट

ताई,

आज मी चिडलो आहे. अक्षर वाकडं दिसलं तर ते त्यामुळे.

सकाळी प्राचार्य बाईंनी मला बोलावलं. टेबलावर तुझं पत्र होतं. तुझ्या ऑफिसचा कागद, तुझी सही, तुझी भाषा. "माझे अशील." मी तुझा अशील कधी झालो? "वाचादोष असलेल्या उमेदवारास नमुना तास घेण्याची सक्ती करणे अन्यायकारक असून, त्यास या अटीतून सूट मिळावी. अन्यथा योग्य ती कायदेशीर कारवाई."

बाई चांगल्या आहेत. चष्मा काढून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं म्हणणं कायद्याला धरून आहे. नमुना तास नको असेल तर तुम्ही लेखी निबंध द्या. समितीला मी सांगते."

"म-मी मागितलं नव्हतं," मी म्हटलं.

"हो, पण सोय होत असेल तर घ्या ना. कशाला त्रास?"

ताई, "कशाला त्रास" हे ऐकत मी मोठा झालो. तोंडी परीक्षा माफ, पाहुण्यांसमोर येणं माफ, आता वर्गात बोलणंही माफ. शिकवण्याची नोकरी मला न बोलता मिळणार! उद्या निबंधावर जागा मिळाली की स्टाफरूममध्ये सगळे कायम म्हणतील, हा सवलतीवर लागलेला माणूस आहे. आणि त्यांचं चूक काय असेल?

फोन करून तुला चार शब्द ऐकवणार होतो. पण फोनवर मी पहिल्या शब्दाशी झगडेपर्यंत तू तिकडून माझं भांडण माझ्यासाठी भांडून संपवलं असतंस, आणि जिंकलीही असतीस.

पत्र मागे घे. आजच.

धाकटा

११ ऑगस्ट

ताई,

तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं. "पत्र मागे घेतलं आहे. यापुढे तुझ्या कुठल्याही गोष्टीत मी पडणार नाही." ना सही, ना "जपून राहा". आईनं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, "ही दोन दिवस जेवली नाही नीट."

मला हवं होतं तेच तू लिहिलंस, आणि वाचून मला अजिबात सुटल्यासारखं वाटलं नाही. बाबा ताटात बघताहेत असं वाटलं.

मग मी तुझी जुनी नोटीस पुन्हा वाचली. बाईंनी प्रत दिली होती. राग बाजूला ठेवून वाचली, तर त्यातला एक मुद्दा बरोबर आहे. नमुना तास वीस मिनिटांचा असतो. इतरांना वीस मिनिटांत जेवढं सांगता येतं तेवढं सांगायला मला दुप्पट वेळ लागतो. म्हणजे मला वर्गात उभं राहू देतील, कोणी अडवणार नाही, आणि माझा विषय अर्ध्यात असताना घंटा वाजेल. मग समितीतले लोक म्हणतील, संधी दिली होती की!

त्यामुळे सूट नको. पण वेळ हवा. आणि तो कायद्यानं मागायचा कसा, कुठलं कलम लावायचं, बाईंना राग न येऊ देता कसं लिहायचं, हे मला येत नाही. ते तुला येतं. या धंद्यात तुझ्याइतकं हुशार माझ्या ओळखीचं दुसरं कोणी नाही, आणि हे मी लोणी लावत नाहीये.

म्हणून सोबत वकीलपत्र सही करून पाठवतोय. नमुना तुझ्याच कपाटातला आहे, घरून निघताना रफ कागद म्हणून चार उचलले होते. त्यावर अशिलाच्या सूचना लिहिल्या आहेत. चाळीस मिनिटं मागायची. मी बोलत असताना कोणी शब्द सुचवू नये, हे समितीला आधी लिहून कळवायचं. याखेरीज एक अक्षर जास्त मागायचं नाही. "बिचारा" या अर्थाचा कुठलाही शब्द वापरायचा नाही. मसुदा आधी अशिलाला दाखवायचा.

अशील कटकट्या आहे. केस घेतेस का?

तुझा
धाकटा

१८ ऑगस्ट

ताई,

मसुदा मिळाला. "बिचारा" नाही, पण "असामान्य जिद्दीच्या जोरावर" आहे. तो खोड. आणि यावेळी नीट खोड.

बाकी उत्तम. दुसरा परिच्छेद तर मीच लिहिल्यासारखा वाटतो, फक्त मी लिहिला असता तर त्याला इतकी धार आली नसती. बाबांच्या टेबलाशी बसून लिहिलास ना? भाषेवरून कळतं.

तू विचारतेस, नमुना तासाच्या दिवशी आलं तर चालेल का. विचारलंस! मी ते वाक्य दोनदा वाचलं. ये. आत बसता येत नाही, बाहेर बाक आहे. आईला एकटीला ठेवू नकोस, शेजारच्या मावशींना रात्री सोबतीला बोलाव. आणि माझ्यासाठी कॉफी आणू नकोस.

तुझा
धाकटा

६ सप्टेंबर

ताई,

आधी निकाल. जागा मिळाली. तिघांपैकी दोघं माझ्या बाजूनं, एक विरुद्ध. विरोध संस्थेच्या सदस्यांचा होता. त्यांनी म्हणे शेरा लिहिलाय की विषयाचं ज्ञान चांगलं, पण मुलांचा वेळ जाईल. खोटं नाही, जाईल. वर्षभर बघतील, मग कायम. आईला सांगताना फक्त "मिळाली" एवढंच सांग.

त्या दिवशी आत काय झालं ते तुला स्टेशनवर सांगणार होतो. पण गाडी सुटेपर्यंत तूच बोलत होतीस. कॉलेजच्या भिंतींचा रंग, बाईंची साडी, माझी वाढलेली दाढी, खोलीत पडदा का नाही, सायकलवाल्यानं माझ्याशी किती अदबीनं बोलावं. मी म्हटलं, बोलू दे. मला तुझं बोलणं ऐकून बरेच महिने झाले होते. म्हणून आता लिहितो.

समोर मुलं होती, बाजूला समितीचे तिघं. प्राचार्य बाई, बाहेरून आलेले एक प्राध्यापक आणि संस्थेचे सदस्य. विषय मीच निवडला होता, तोच, दोन स्वातंत्र्यांचा. सुरुवात ठीक झाली. कोणी आडवं येत नाही तेवढी जागा म्हणजे पहिलं, हे सांगून झालं. ही जागा क्षुल्लक समजू नका म्हणालो, ती मिळवायला माणसं तुरुंगात गेली आहेत. मग दुसऱ्याकडे वळलो, आणि वळताना "स्वतः" या शब्दाशी अडकलो. असा अडकलो की तसं फार दिवसांत झालं नव्हतं. "स" नुसता वाफेसारखा निघत राहिला. मान ताठ झाली. संस्थेच्या सदस्यांनी घड्याळ बघितलं. तो उंच मुलगा माझ्याहून जास्त घामाघूम झालेला दिसला.

बाहेरच्या प्राध्यापकांना राहवलं नाही. तुझं पत्र त्यांनी वाचलं असणार, पण चांगल्या मनाची माणसं अशा वेळी विसरतात. ते हळूच म्हणाले, "समाज?"

मी मान हलवली.

"समता? समता म्हणायचंय?"

मुलं फिस्सकन हसली. त्यांच्यावर, माझ्यावर नाही. मी हात वर केला. आणि ताई, त्या अडकलेल्या शब्दाला तसाच टाकून दुसरं वाक्य माझ्या तोंडून आलं. कुठेही न अडता आलं. "थांबा सर, माझा शब्द मीच आणतो."

मग मी परत गेलो त्या "स" पाशी. घाई केली नाही. कोणी ताटात बघत नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते बघणं टोचलं नाही. शब्द आला. "स्वतःच्या आयुष्याचा धनी असणं." पुढचा तास सरळ गेला असं नाही, खड्डे होतेच, पण घंटा वाजायच्या आत विषय पूर्ण झाला. शेवटी सांगितलं, मदत आणि ताबा यांतला फरक मला पुस्तकात उशिरा सापडला, त्याआधी तो मला एका वकिलानं शिकवला. वकील अशिलाच्या वतीनं बोलतो, पण आधी त्याची सही घेतो. प्राचार्य बाई हसल्या. त्यांना माहीत होतं कोणाबद्दल चाललंय.

तुला वाटेल, झालं, एवढंच. मलाही तसंच वाटत होतं, कालपर्यंत.

काल शिपाईकाका माझ्यासाठी टेबल लावत होते. नव्या जागेबरोबर मला स्टाफरूममध्ये टेबल आणि कुलपाचा खण मिळालाय. खण पुसता पुसता ते म्हणाले, "सर, त्या दिवशी बाहेर बसल्या होत्या त्या तुमच्या कोण?"

"बहीण," मी म्हटलं.

"फार अस्वस्थ होत्या हो. तुमचा आवाज येत होता तोवर बाकावर बसल्या होत्या. मग तुम्ही मध्येच गप्प झालात ना, खूप वेळ, तेव्हा उठल्या. दाराशी आल्या, हँडलवर हात ठेवला. मी म्हटलं, ताई, आत जायचं का? तर माझ्याकडे बघितलं फक्त, आणि परत जाऊन बसल्या. लगेच पुन्हा उठल्या. पुन्हा हँडल धरलं. मग पदर तोंडाशी धरून तिथेच उभ्या राहिल्या, तुमचा आवाज येईपर्यंत. आवाज आला तेव्हा मला म्हणाल्या, 'ऐकलंत? माझा भाऊ आहे.'"

ताई, स्टेशनपर्यंतच्या रस्त्यात तू यातलं काहीच बोलली नाहीस. पडद्याबद्दल बोललीस.

काका गेल्यावर मी उठून त्या वर्गाशी जाऊन आलो. रिकामाच होता. दार ढकलून बघितलं. जुनं, हलकं दार आहे, बोट लावलं तरी उघडतं. आतून कडी नाही. बाहेर पाटी नाही. काकाही तुझ्यासाठी दार उघडायला तयार होते.

तुला कोणीही अडवलं नव्हतं.

तुझा
धाकटा